म्हाताऱ्या गायकाच्या शेवटच्या अल्बमांवर लिहायचं कसं? (लेनर्ड कोहेन)

आंबोळगड

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सवडीने वाचा. आमच्या गावच्या वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो, छोटासाच असतो, आजूबाजूच्या गावांत आणि मुंबईला चाकरमान्यांकडे जातो. यंदा संपादक काका म्हणाले तू ती इंग्रजी गाणी ऐकतोस ना त्यावर काहीतरी लिही, आणि मी लगेच हो म्हटलं कारण लेनर्ड कोहेनवर मराठीत कुणीतरी नीट लिहायला पाहिजे हे कधीपासून डोक्यात आहे. १२०० शब्द, आणि मजकूर गणपतीच्या आधी हातात द्यायचा.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅनडातल्या माँट्रियलचा, जन्म १९३४. आधी कवी, पहिला कवितासंग्रह १९५६ चा, मग दोन कादंबऱ्या, आणि गाण्याचा पहिला अल्बम १९६७ च्या डिसेंबरात म्हणजे ३३ व्या वर्षी, जेव्हा त्या धंद्यात विशी-बाविशीची पोरं स्टार होती. 'हॅलेलुया' तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या आवाजात ऐकलेलं असणारच, ते मूळ याचं, १९८४ च्या 'व्हेरिअस पोझिशन्स' मधलं, आणि तो अल्बम अमेरिकेत काढायला त्याच्या कंपनीने चक्क नकार दिला होता.

मला लिहायचंय ते शेवटच्या चार अल्बमांवर. 'ओल्ड आयडियाज' (२०१२), 'पॉप्युलर प्रॉब्लेम्स' (२०१४), 'यू वॉन्ट इट डार्कर' (२०१६) आणि 'थँक्स फॉर द डान्स' (२०१९). पहिला आला तेव्हा हा ७७ चा, दुसरा ऐंशीव्या वाढदिवसाला लागूनच आला, तिसरा २१ ऑक्टोबर २०१६ ला बाजारात आला आणि ७ नोव्हेंबरला माणूस गेला. चौथा तो गेल्यावर तीन वर्षांनी मुलाने, अ‍ॅडम कोहेनने, पुरा करून काढला.

आता अडचण अशी की या चारांवर जे जे वाचलं ते बहुतेक सगळं एकाच सुरातलं आहे, वयाच्या या टप्प्यावरही वगैरे, निरोपाची गाणी वगैरे, मृत्यूच्या दारात उभा राहून वगैरे, आणि सगळं वाचून झाल्यावर कळत नाही की अल्बममध्ये वाजतंय काय, कुठलं गाणं जमलंय, कुठलं ओढूनताणून केलंय, चाल कुणाची, साथीला कोण. म्हाताऱ्या माणसाचा अल्बम म्हटला की सगळे हात जोडून उभे राहतात आणि कान बंद करतात. मला हे फार खटकतं. ज्या माणसाने एकेका गाण्यावर वर्षानुवर्षं काम केलं, कडवी लिहिली आणि फेकून दिली, त्याचं काम कुणी तपासूनच बघत नाही हा त्याचा मान कसा काय?

पण दुसऱ्या बाजूने असंही वाटतं की ८२ वर्षांचा माणूस, मणक्याची हाडं मोडलेली, घरातच खास खुर्चीत बसून माइकसमोर गातोय, हे बाजूला ठेवून लिहिलं तर तेही खोटंच होईल. त्यात आमच्या अंकाचे वाचक म्हणजे निवृत्त शिक्षक, भजनी मंडळवाले, कॉलेजची मुलं, बहुतेकांनी कोहेन ऐकलेला नाही, इंग्रजी गाण्यातले शब्द एका ऐकण्यात कानाला लागत नाहीत. त्यांना काय सांगू? वयाचं किती लिहू, गाण्याचं किती? स्टार वगैरे द्यायचे का? ज्यांना या गोष्टींत रस आहे त्यांनी मोकळेपणाने सांगा.

खारेपाटण_एफएम

पहिलं म्हणजे स्टार अजिबात देऊ नकोस. पाचपैकी साडेतीन वाचून कुणाला काय कळणार, तेवढ्या जागेत एका गाण्याची चाल समजावता येते.

दुसरं, आवाजापासून सुरुवात कर, कारण या माणसाची सगळी गोष्ट आवाजात आहे. १९६७ चा पहिला अल्बम लाव, आवाज जरा नाकातला, सपाट, पातळ, गिटारीच्या बोटांमागे लपलेला. मग थेट १९८८ चा 'आय अ‍ॅम युअर मॅन' लाव, तोच माणूस खर्जात उतरलाय, सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर गातोय. तेव्हा तो ५३ चा होता. म्हणजे लोक ज्याला म्हातारपणाचा आवाज म्हणतात तो त्याच्याकडे म्हातारपणाच्या कितीतरी आधी आला होता आणि पुढची २५-३० वर्षं त्याने त्या खर्जासाठी मुद्दाम गाणी बांधली. हे लिहिलंस की अर्धं काम झालं, कारण मग वाचकाला कळेल की हे "उरलेल्या आवाजात भागवणं" नव्हे, हा बांधलेला आवाज आहे.

आता या खर्जाचं करायचं काय हा प्रश्न दर अल्बमला त्याच्यासमोर होता आणि दर वेळी उत्तर वेगळं आहे, तेच तुझं परीक्षण. २००१ च्या 'टेन न्यू साँग्ज' मध्ये शेरॉन रॉबिन्सन आहे, सगळी गाणी दोघांनी मिळून लिहिली, निर्मिती तिची, घरच्या स्टुडिओत केलेलं काम, आणि तिचा आवाज त्याच्या आवाजाला इतका चिकटून चालतो की चाल ती गाते आणि तो खालून बोलतो असं वाटतं. आपल्याकडे शाहिरामागे झीलकरी असतात ना, झील धरली नाही तर शाहीर उघडा पडतो, तसं कोहेनचं या बायकांशिवाय भागत नाही. जेनिफर वॉर्न्स, शेरॉन रॉबिन्सन, नंतर वेब सिस्टर्स. 'ओल्ड आयडियाज' ऐकताना नुसतं यावर लक्ष ठेव, कुठल्या ओळीला बायका येतात आणि कुठल्या ओळीला त्याला एकटं सोडतात. 'शो मी द प्लेस' मध्ये वॉर्न्स आहे, काय गायलीय ती, मला तो अख्ख्या अल्बमचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

'पॉप्युलर प्रॉब्लेम्स' ची गोष्ट वेगळी. तिथे पॅट्रिक लेनर्ड आहे, हा मॅडोनाबरोबर 'लाइक अ प्रेयर' लिहिणारा माणूस, म्हणजे पक्का पॉपवाला, आणि त्याने कोहेनला चांगला घट्ट ठेका दिलाय. ब्लूजचा जोर आहे. ९ गाणी, ३६ मिनिटं, फाफटपसारा नाही. माझ्या मते चारांत हा सगळ्यात दुर्लक्षित आहे कारण याच्यावर मरणाची गोष्ट चिकटवता येत नाही.

आणि एक प्रॅक्टिकल गोष्ट, मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकायला सांगू नकोस कुणाला. त्या स्पीकरला खर्ज येतच नाही, नुसती खरखर येते, त्यात पत्र्यावर पाऊस असला तर संपलंच. साधे पाचशेचे इयरफोन चालतील पण इयरफोन हवेत. हे अंकात चौकट करून छाप.

तिठ्यावरची

खारेपाटण दादांशी बरंचसं सहमत, पण मरणाला एवढं बाजूला सारू नका. हा माणूस स्वतः त्यावरच लिहीत होता. 'यू वॉन्ट इट डार्कर' चं शीर्षकगीत घ्या, माँट्रियलमधल्या त्याच्या घराण्याच्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचा, कोरस आहे त्यात, पुरुषांचा, आणि तिथले कँटर, म्हणजे प्रार्थना गाऊन म्हणणारे, त्यांचा आवाज. त्याच्या गाण्यात कायम बायकांचे आवाज, खारेपाटण दादा म्हणाले तसे, आणि इथे शीर्षकगीतालाच तो त्या जागी पुरुषांचा प्रार्थनेचा कोरस आणतो, लहानपणी जिथे ऐकत वाढला तिथला. हा निर्णय संगीताचा आहे आणि मरणाचाही आहे, दोन्ही एकदम. तो उलगडून दाखवायचा तर मरणाबद्दल बोलावंच लागेल.

मला वाटतं फरक असा करा, गाण्यातलं मरण आणि बातमीतलं मरण. गाण्यातलं त्याने लिहिलंय, ते तपासा, ओळ चांगली आहे का, खरी आहे का, की नुसती गंभीर आहे. बातमीतलं त्याने लिहिलेलं नाही. तो अल्बम आल्यावर जेमतेम अडीच आठवड्यांत तो गेला म्हणून सगळे म्हणायला लागले की त्याला माहीत होतं, हा निरोपच होता. पण त्याच ऑक्टोबरमध्ये एका मोठ्या मुलाखतीत तो मरायला तयार आहे असं म्हणाला आणि लगेच काही दिवसांनी पत्रकारांसमोर म्हणाला की ते जरा जास्तच झालं, मला पुष्कळ जगायचंय. दोन्ही त्याचंच म्हणणं. तुम्ही त्यातलं एकच उचलून अख्ख्या अल्बमवर चिकटवू नका.

आणि मुख्य मुद्दा, मरण हा काही त्याचा म्हातारपणीचा विषय नाही हो. १९७४ च्या 'न्यू स्किन फॉर द ओल्ड सेरेमनी' मध्ये 'हू बाय फायर' आहे, ज्यू लोकांच्या योम किप्पूरच्या प्रार्थनेवरून घेतलेलं, येत्या वर्षात कोण कशाने जाईल याची यादीच आहे ती, कोण आगीने, कोण पाण्याने. ते लिहिलं तेव्हा तो चाळिशीलाही पोचला नव्हता. त्याच्या आधी १९७१ च्या अल्बममध्ये तर आरशासमोर दाढी करायला उभा राहिलेल्या आणि आयुष्य संपवायचा विचार करणाऱ्या माणसाचं गाणं आहे, ते मला आजही पुरतं ऐकवत नाही. मग ८२ व्या वर्षी तो तेच लिहितो तेव्हा त्यात नवीन काय आलं, आधी जे होतं त्यातलं काय गळलं, हे सांगितलं तर ते खरं परीक्षण होईल. मला विचाराल तर तक्रारीचा सूर गळला. तरुणपणीच्या गाण्यांत स्वतःबद्दलचं नाटक पुष्कळ आहे, मला ते आवडतं पण आहे. शेवटच्या अल्बमांत तो स्वतःकडे बाहेरून बघतो. 'ओल्ड आयडियाज' चं पहिलंच गाणं ऐका, त्यात बोलणारा कुणी दुसराच आहे आणि तो लेनर्ड नावाच्या सुटाबुटातल्या आळशी माणसाबद्दल बोलतोय. गाणारा तोच, ज्याच्याबद्दल बोललं जातंय तोही तोच. ७७ व्या वर्षी अल्बमची सुरुवात अशी करणं याला धीर लागतो.

जाखडीप्रेमी

मी कोहेन फारसा ऐकलेला नाही, या धाग्यामुळे काल आणि आज ऐकला, आवडला. पण मूळ प्रश्नावर बोलायचं आहे कारण आमच्याकडे गुहागर-संगमेश्वर पट्ट्यात हा प्रश्न दरवर्षी येतो. शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे समोरासमोर सवाल-जवाब गाणारे, शाहीर स्वतः लिहितात, स्वतः चाल लावतात, स्वतः उभे राहून गातात. त्यात साठी-सत्तरीचे शाहीर असतात, दम कमी झालेला असतो, वरची पट्टी सोडलेली असते. लोक त्यांना मान देतात, नारळ देतात, शाल देतात. पण बारी सुरू झाली की सवलत नाही! समोरच्याने सवाल टाकला की जवाब यायलाच पाहिजे आणि तो गाण्यातून यायला पाहिजे, आणि नाही आला तर मांडवातल्या शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं. आणि मी पाहिलंय की जुन्या शाहिरांनाही तेच हवं असतं, त्यांना शालीपेक्षा जवाब पोचला का यात जास्त रस असतो.

त्यामुळे आंबोळगड भाऊ, तुमच्या अंकाचे वाचक भजनी मंडळवाले आहेत म्हणता ना, मग काळजी कसली. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ऐकणाऱ्या माणसाला बुवाचा दम, बुवाची पट्टी, बुवाने गजर किती वेळ ओढला हे सगळं कळतं. त्यांना सरळ त्या भाषेत सांगा. हा बुवा पट्टी कुठली घेतो, दम कुठे तोडतो, शब्द कुठे आधी टाकतो आणि ठेका मागून येतो. मला जे जाणवलं ते सांगतो, तो ओळ संपायच्या जरा आधी थांबतो आणि शेवटचा शब्द उशिरा टाकतो, त्यामुळे ऐकणारा वाट बघत राहतो. हे दम कमी म्हणून होतंय की मुद्दाम, ते तुम्ही जुन्या रेकॉर्ड लावून तपासा.

मिठबाव

आंबोळगड, तुका एक गोष्ट सांगतंय, ती आपल्या भागाची आसा म्हणून. हे लिवच.

१९९४ ते ९९ कोहेन कॅलिफोर्नियातल्या माउंट बाल्डी डोंगरावर झेन मठात राहत होता, तिथे त्याला रीतसर भिक्षूची दीक्षा मिळाली. तिथून उतरला आणि १९९९ मध्ये मुंबईला आला, रमेश बाळसेकरांकडे. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, घरीच रोज सकाळी सत्संग घ्यायचे, कोहेन तिथे येऊन बसायचा, महालक्ष्मी-केम्प्स कॉर्नरच्या बाजूला हॉटेलात राहायचा, मुंबईच्या पुढे बऱ्याच फेऱ्या झाल्या. आणि बाळसेकर शिष्य कुणाचे, तर निसर्गदत्त महाराजांचे, ज्यांचं खेतवाडीत बिडीचं दुकान होतं आणि ज्यांचं लहानपण आपल्या सिंधुदुर्गातल्या कांदळगावात गेलं. महाराज मराठीत बोलायचे, बाळसेकर ते इंग्रजीत सांगायचे. म्हणजे बघ, माँट्रियलच्या ज्यू घरातला कवी, जपानी गुरूचा शिष्य, आणि फिरून फिरून पोचला कुठे, तर कांदळगावच्या माणसाच्या बोलण्यापाशी. कोहेनला अनेक वर्षं डिप्रेशनचा त्रास होता आणि तो याच काळात उतरला असं त्याने स्वतः सांगितलंय. त्यानंतरचा पहिला अल्बम म्हणजे 'टेन न्यू साँग्ज'. तुम्ही सगळे शेवटचे चार म्हणताय पण माझ्या मते म्हातारपणाची सुरुवात त्या अल्बमपासून धर, २०१२ पासून नको.

माका तर हो सगळ्यात मोठो धागो वाटता. हे सोडून आवाज आणि कोरस काय घेऊन बसलात.

तिठ्यावरची

मिठबाव काका, गोष्ट सुंदर आहे आणि अंकात यायलाच हवी, कांदळगाव वाचून आमच्याकडचे सगळे पान उलटून परत वाचतील. पण एक विनंती, हे वाचून "कोहेनच्या गाण्यात अद्वैत" असा लेख होऊ देऊ नका. तो शेवटपर्यंत ज्यूच होता, ज्यू रीतीने शनिवार पाळायचा, आणि हयातीतल्या शेवटच्या अल्बमला कोरस सिनेगॉगचा घेतला, आश्रमातला नाही. मुंबईने त्याला काय दिलं ते त्याने थोडक्यात सांगितलंय, तेवढंच सांगा. आपल्या गावाचं नाव जोडलं गेलं की आपण जरा जास्त ओढतो आणि मग गाणं बाजूलाच राहतं.

मिठबाव

ताई, ओढायचं नाहीच. पण 'टेन न्यू साँग्ज' चा शांतपणा ऐकून बघा, १९९२ च्या 'द फ्यूचर' च्या शेजारी ठेवून ऐका. 'द फ्यूचर' मध्ये माणूस चिडलेला आहे, जगावर ओरडतोय, ठेका पण तसाच दणदणीत. नऊ वर्षांनी त्याच माणसाचा आवाज कुजबुजीवर आलाय आणि त्याला काहीच पटवून द्यायचं नाही. मधे काय झालं हे वाचकाला सांगावंच लागेल ना. मठ पण सांगा, मुंबई पण सांगा, शेरॉन रॉबिन्सन पण सांगा. तिघांचा हात आहे.

आंबोळगड

तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री लाईट गेली होती तेव्हा मोबाइलवर हेच वाचत बसलो होतो.

तिठ्यावरची ताई, गाण्यातलं मरण आणि बातमीतलं मरण हे मी तसंच्या तसं उचलणार, नाव देऊन. जाखडीप्रेमी, तुमचं म्हणणं ऐकून जुनी रेकॉर्डिंग लावली. शब्द उशिरा टाकायची सवय १९६७ ला नाही, तेव्हा तो गिटारीच्या ठेक्यावर बरोबर चालतो. १९८८ ला आहे, आणि २०१४ ला तर तोच सगळा खेळ आहे. म्हणजे दम होता तेव्हापासून तो हे करतोय, निदान सुरुवात तरी दम कमी म्हणून झालेली नाही.

'पॉप्युलर प्रॉब्लेम्स' पण परत ऐकला, खारेपाटण दादा म्हणतात ते पटलं. पहिलं गाणं 'स्लो', त्यात तो म्हणतो मला सगळं सावकाश आवडतं, आणि वय झालं म्हणून नाही, मी पहिल्यापासून असाच. ऐंशीला टेकलेल्या माणसाने अल्बमच्या पहिल्याच गाण्यात आमचा हा अख्खा वाद मिटवून टाकलाय आणि तेही मस्त झुलत्या ठेक्यावर. पण याच अल्बममधलं सगळं मला आवडलं असं नाही. काही ठिकाणी कीबोर्डचा आवाज स्वस्त वाटतो, डेमो करताना ठेवलेला तसाच राहिलाय असा, आणि गाण्यातले शब्द इतके कोरीव असताना ते खटकतं. हे मी लिहिणार आहे.

आता राहिला प्रश्न 'थँक्स फॉर द डान्स' चा. तो गेल्यावर आलेला. हा त्याचा अल्बम म्हणायचा का मुलाचा? चांगला नाही वाटला तर दोष कुणाला द्यायचा? हे मला सुटत नाही.

खारेपाटण_एफएम

हा प्रश्न चांगला आहे आणि याचं उत्तर अल्बमच्या आतच मिळतं. आधी काय झालं ते लक्षात घे. आधीच्या अल्बमच्या वेळी बाप आजारी, अ‍ॅडम घरी माइक लावून रेकॉर्ड करत होता, त्यातून काही गाण्यांचा नुसता आवाज राहिला, कुठे पुरती गाणी नाहीत, कुठे नुसतं वाचलेलं. अ‍ॅडमने त्या आवाजाभोवती संगीत नंतर बांधलं. बार्सिलोनाहून हाविएर मासला बोलावलं, जो कोहेनबरोबर दौऱ्यांवर वाजवायचा, आणि त्याच्या हातात बापाचीच गिटार दिली. बेक, डेमियन राइस, फाइस्ट, डॅनियल लानवा, जेनिफर वॉर्न्स, एवढी माणसं आली.

आता ऐकताना बघ, ती एवढी मोठी माणसं ऐकू येतात का? नाही येत. कुणीच पुढे येत नाही. अ‍ॅडमने सगळ्यांना मागे ठेवलंय आणि कीबोर्ड जवळजवळ काढून टाकलेत, स्पॅनिश गिटार, पियानो, कोरस, बस. म्हणजे तुला 'पॉप्युलर प्रॉब्लेम्स' मध्ये जे खटकलं ते मुलाने इथे दुरुस्त केलंय असं म्हण हवं तर. पण बापाला ते कीबोर्ड आवडायचे! १९८४ पासून तो स्वस्तातल्या कॅसिओ कीबोर्डवर गाणी बांधत होता, तो त्याचा आवाजच होता. तर हा अल्बम जास्त देखणा आहे, पण कोहेनने स्वतः केला असता तर तो एवढा देखणा झाला नसता. माझं मत हे की शब्द आणि आवाज बापाच्या खात्यात धर आणि सजावट मुलाच्या, आणि दोन्हीवर वेगवेगळं लिही.

तुलना करायला एक सोपी जागा आहे. शीर्षकगीत 'थँक्स फॉर द डान्स' हे नवीन नाहीच, ते २००६ मध्ये अंजनी थॉमसच्या 'ब्लू अलर्ट' वर आलं होतं, शब्द कोहेनचे, निर्मिती पण त्याची. तिथे ते एका बाईच्या मोकळ्या आवाजात आहे आणि २०१९ ला त्याच्या खर्जात. दोन्ही पाठोपाठ लाव. मला अंजनीचं जास्त आवडतं, गाणं म्हणून, कारण ते वॉल्ट्झसारखं, तीन मात्रांच्या जोडीनाचासारखं, खरोखर फिरतं. म्हातारपणी गायलं म्हणून ते जास्त थोर होत नाही.

आणि एका गाण्यावर मात्र मला तक्रार आहे. शेवटचं, 'लिसन टू द हमिंगबर्ड'. त्याचा आवाज त्या ऑक्टोबरच्या पत्रकार भेटीतून घेतलाय, तिथे त्याने ती कविता म्हणून दाखवली होती, ते रेकॉर्डिंग मिळवून त्याच्यावर संगीत चढवलं. ऐकायला छान आहे. पण त्याने ते गाणं म्हणून म्हटलं नव्हतं, समोरच्या पत्रकारांना ऐकवलं होतं. तिथे मला वाटतं मुलाने एक पाऊल जास्त टाकलं.

तिठ्यावरची

मला त्याबद्दल तक्रार नाही. कवी माणूस, कविता म्हणून दाखवली, ती जपली गेली. मुलाने बापाच्या तोंडी घालून काही वदवलं नाही, जे बोलला तेच आहे. पण हा वाद अंकात येऊ द्या, दोन्ही बाजूंनी, वाचक स्वतः ऐकून ठरवतील.

एक भर घालते, 'यू वॉन्ट इट डार्कर' चा शेवट विसरू नका. शेवटचा ट्रॅक म्हणजे आधीच्याच 'ट्रीटी' गाण्याची चाल व्हायोलिन-चेलोवर, बराच वेळ तो त्यात नाहीच, आणि मग अगदी शेवटी येऊन थोडंसं बोलून जातो. बहुतेकांच्या लिखाणात हा ट्रॅक दोन शब्दांत उरकलेला दिसला. अल्बमचा शेवट कसा करायचा हे त्याने ठरवलेलं आहे तिथे, त्याला चांगला एक परिच्छेद द्या.

आणि 'ट्रॅव्हलिंग लाइट' मधली बुझुकी, ग्रीक वाद्य. १९६० मध्ये त्याने ग्रीसच्या हायड्रा बेटावर घर घेतलं होतं, तरुणपणाची वर्षं तिथली. मागे ते वाद्य वाजतंय आणि पुढे तो म्हणतोय की सामान हलकं करून निघालो. समुद्रावरच्या लोकांना हे समजावायला फार कष्ट पडणार नाहीत.

जाखडीप्रेमी

गाण्याच्या ओळी जशाच्या तशा छापू नका, परवानगीची भानगड असते. आणि ओळीला ओळ मराठी करून पण नको, ते कायम लंगडं होतं. गाण्यात कोण बोलतंय, कुणाशी, आणि काय मागतंय एवढं आपल्या मराठीत सांगा. आमच्याकडे शाहिराचं गाणं दुसऱ्या गावच्या माणसाला असंच सांगतात.

आंबोळगड

ठरवलं. चार अल्बम १२०० शब्दांत मावत नाहीत, दोनच घेतो, 'पॉप्युलर प्रॉब्लेम्स' आणि 'यू वॉन्ट इट डार्कर'. 'ओल्ड आयडियाज' मधलं पहिलं गाणं आणि वॉर्न्सचं 'शो मी द प्लेस' उल्लेखापुरतं. 'थँक्स फॉर द डान्स' चौकटीत, खारेपाटण दादा आणि ताई या दोघांची मतं शेजारी शेजारी. मुंबई आणि कांदळगाव 'टेन न्यू साँग्ज' च्या परिच्छेदात, आवाज कुजबुजीवर कसा आला ते सांगताना, मिठबाव काका म्हणतात तसं तिघांचं श्रेय देऊन. वय आणि आजारपण जिथे रेकॉर्डिंगवर फरक पडला तिथेच येणार, खुर्ची आणि घरातला माइक, कारण त्यामुळे आवाज इतका जवळून ऐकू येतो, श्वाससुद्धा. सुरुवात 'स्लो' पासून.

कच्चा मजकूर झाला की इथे टाकतो. मिठबाव काका, बाळसेकरांचा भाग तुम्ही एकदा नजरेखालून घाला.

मिठबाव

टाक मेल्या, बघतंय. आणि काकांका सांग, कांदळगावात चार अंक जास्त लागतले.